फुलपाखरू उद्यान

फुलपाखरू उद्यान : फुलपाखरांना अन्न, अंडी घालण्यास योग्य वनस्पती आणि आसरा मिळावा या हेतूने योजनापूर्वक लावलेली बाग. घराभोवतालची परसबाग, शाळेचे किंवा कार्यालयाचे आवार, सार्वजनिक उद्यान, फार काय गच्चीवरील कुंड्या यांनाही हे स्वरूप देता येते. जाळीने वा काचेने बंदिस्त केलेल्या जागेत पाळलेली फुलपाखरे दाखविणारी फुलपाखरू-गृहे याहून भिन्न होत. प्रस्तुत नोंदीत खुल्या बागेचा आणि विशेषतः तीमधील वनस्पतींच्या निवडीचा विचार केला आहे. कारण बागेत फुलपाखरे केवळ येऊन जातात की तेथे त्यांची वीण होते, हे या निवडीवरच अवलंबून असते.

जगात फुलपाखरांच्या सु. १८,००० जाती असून भारतात १,३०० हून अधिक, तर पश्चिम घाटात ३३० हून अधिक जाती आढळतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन (पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर) या फुलपाखरास राज्य-फुलपाखराचा दर्जा दिला. असा दर्जा देणारे हे देशातील पहिले राज्य होय. मराठीत त्यास राणी पाकोळी वा नीलवंत असेही म्हणतात.

जीवनचक्र व अन्न : अंडे, अळी (सुरवंट), कोश व प्रौढ अशा चार अवस्थांतून फुलपाखराचे जीवन पूर्ण होते. यांपैकी अंडे व कोश या अवस्थांत अन्नग्रहण होत नाही. प्रौढ फुलपाखरू शुंडेच्या साहाय्याने मकरंद शोषते. काही जाती पिकलेल्या फळांचा रस, झाडांचा चीक किंवा ओल्या मातीतील क्षारयुक्त पाणीही घेतात. मकरंदाच्या बाबतीत प्रौढ कीटक फारसा चोखंदळ नसतो. शुंडा पोहोचेल अशा बहुतेक फुलांवर तो उतरतो. अळीची स्थिती नेमकी उलट असते. बहुसंख्य जातींच्या अळ्या एका विशिष्ट कुलातील, कित्येकदा एकाच वंशातील वनस्पतींची पाने खाऊन जगतात. ती वनस्पती न मिळाल्यास भोवताली कितीही हिरवळ असली, तरी अळी उपाशी मरते. अशा वनस्पतीस त्या जातीची ‘खाद्य वनस्पती’ म्हणतात.

या मर्यादेचे कारण वनस्पतींच्या रसायनांत आहे. भक्षकांपासून बचाव व्हावा म्हणून वनस्पतींच्या पानांत अल्कलॉइडे, ग्लायकोसाइडे, उडनशील तेले, टॅनिने यांसारखी द्रव्ये तयार होतात. दीर्घकालीन सहवासात फुलपाखरांच्या काही गटांनी विशिष्ट द्रव्ये पचविण्याची क्षमता मिळविली आणि पुढे तीच द्रव्ये त्यांना आपली वनस्पती ओळखण्याची खूण ठरली. पॉल एर्लिक व पीटर रेव्हन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये या परस्परावलंबी उत्क्रांतीचे सविस्तर विवेचन केले. मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी त्यावर टकटक करते; पायांवरील संवेदी केसांमुळे पानातील द्रव्यांची ओळख पटली, तरच ती अंडी घालते. परदेशातून नव्याने आलेल्या वनस्पतीशी स्थानिक फुलपाखरांचा असा सहवास घडलेला नसल्याने तिची पाने बहुधा अस्पर्शित राहतात. ‘या झाडाला कीड लागत नाही’ हा रोपवाटिकेत गुण म्हणून सांगितला जातो. फुलपाखरांच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ ‘या झाडावर अन्न नाही’ असा होतो.

देशी, विदेशी व आक्रमक वनस्पती : एखाद्या प्रदेशात मानवी हस्तक्षेपावाचून, प्राचीन काळापासून वाढणारी वनस्पती ती त्या प्रदेशाची देशी वनस्पती होय. अन्य भूभागातून माणसाने हेतुतः वा नकळत आणलेली ती विदेशी. प्रत्येक विदेशी वनस्पती उपद्रवी नसते : झेंडू व सीताफळ मूळचे अमेरिका खंडातील, तर चिंच आफ्रिकेतील असून ती येथील जीवनात मिसळून गेली आहेत. जी विदेशी वनस्पती लागवडीबाहेर पडून स्वतःच्या बळावर झपाट्याने पसरते व स्थानिक वनस्पतींची जागा बळकावते, तिलाच आक्रमक म्हणतात. ‘देशी’ ही संज्ञाही राजकीय सीमांवरून न ठरविता नैसर्गिक प्रदेशावरून ठरविणे योग्य होय. सह्याद्रीच्या सदाहरित वनातील झुडूप विदर्भातील कोरड्या माळावर लावल्यास ते भारतीय असले, तरी त्या जागेचे म्हणता येत नाही.

शोभेच्या वनस्पतींतून आक्रमक वनस्पती निर्माण होण्याचा धोका विशेष असतो. भरपूर व दीर्घकाळ फुलणे, कमी निगेत तग धरणे, फांदी किंवा बी यांपासून सहज वाढणे आणि किडींपासून मुक्त असणे या गुणांसाठी त्या निवडल्या जातात; कुंपणाबाहेर पसरण्यासही हेच गुण उपयोगी पडतात. घाणेरी किंवा टणटणी (लँटाना कॅमरा) हे याचे ठळक उदाहरण होय. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणण्यात आले. कुंपणासाठी त्याचा प्रसार झाला आणि बुलबुलासारख्या फळे खाणाऱ्या पक्ष्यांनी त्याच्या बिया रानोमाळ नेल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील सु. १,५४,००० चौ.किमी. वनक्षेत्रात घाणेरीचा शिरकाव झाला आहे. तिच्या दाट जाळीखाली गवत व देशी झाडांची रोपे वाढत नाहीत आणि तिचा पाला खाल्ल्यास गुरांना विषबाधा होते.

घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी असते, हे खरे आहे. यावरून ती फुलपाखरांना हितकारक आहे, असा समज रूढ झाला आहे. परंतु तो अर्धसत्यावर आधारलेला आहे. तिच्या फुलांवर येणारी बहुतेक फुलपाखरे अन्यत्र, देशी वनस्पतींवर वाढलेली असतात. ज्या गवतांवर, वेलींवर व झुडपांवर त्यांच्या अळ्या वाढतात, त्यांनाच घाणेरी झाकून टाकते. एका पिढीला मकरंद देऊन पुढील पिढीचे अन्न हिरावून घेणारी वनस्पती, असे तिचे वर्णन करता येईल.

अन्य देशांतील अनुभव : मूळची चीनमधील बडलिया (बडलिया डेव्हिडाय) ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये आली. तिच्या जांभळ्या तुऱ्यांवर फुलपाखरे इतकी येतात की, तिला फुलपाखरांचे झुडूप असेच नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी उद्‌ध्वस्त झालेल्या शहरी जागांत व लोहमार्गांच्या कडेला ती माजली. अमेरिकेच्या काही भागांत व न्यूझीलंडमध्येही ती आक्रमक ठरली आहे. तिच्यावर येणाऱ्या पीकॉक, रेड ॲडमिरल यांसारख्या फुलपाखरांच्या अळ्या मात्र अंगाची आग करणाऱ्या नेटल या उपेक्षित तणावर वाढतात.

ऑस्ट्रेलियातील उदाहरण अधिक गंभीर आहे. क्वीन्सलँडचा आग्नेय भाग व लगतचा न्यू साउथ वेल्स येथील रिचमंड बर्डविंग (ऑर्निथॉप्टेरा रिचमंडिया) या फुलपाखराच्या अळ्या तेथील एका देशी वेलीवर वाढतात. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली ॲरिस्टोलोकिया एलेगन्स ही वेल त्याच कुलातील आहे. तिच्या पानांतील द्रव्ये ओळखीची वाटल्याने मादी तिच्यावर अंडी घालते, परंतु पाने खाणाऱ्या अळ्या विषबाधेने मरतात. जंगलतोडीबरोबरच या सापळ्यामुळेही फुलपाखराची संख्या घटली. १९९० च्या दशकापासून शाळा व नागरिक यांच्या साहाय्याने विदेशी वेल काढून मूळ देशी वेल लावण्याचा कार्यक्रम तेथे राबविण्यात आला.

उत्तर अमेरिकेत स्थलांतरासाठी प्रसिद्ध असलेल्या मोनार्क (डॅनॉस प्लेक्सिपस) या फुलपाखरासाठी पुष्कळांनी ॲस्क्लेपियस क्युरासाव्हिका ही उष्ण कटिबंधीय वनस्पती बागेत लावली. तेथील देशी जाती हिवाळ्यात सुकून जातात. ही मात्र दक्षिणेकडील उबदार राज्यांत वर्षभर हिरवी राहते. परिणामी काही फुलपाखरे स्थलांतर न करता तेथेच वीण करू लागली आणि एकाच झाडावर पिढ्यान्‌पिढ्या वाढल्याने त्यांच्यात एका परजीवीचा प्रादुर्भाव वाढला. सद्‌हेतूने लावलेली, अळ्यांना अन्न देणारी वनस्पतीसुद्धा तिच्या ऋतुचक्रामुळे अपायकारक ठरू शकते, हे यावरून दिसते.

पक्ष्यांचे जीवनही यात गुंतलेले आहे. बहुतेक लहान पक्षी आपल्या पिलांना अळ्या भरवितात. वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील बागांत करण्यात आलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, जेथे वनस्पतींचे ७० टक्क्यांहून अधिक जैव वस्तुमान देशी होते, तेथेच चिकाडी या कीटकभक्षी पक्ष्याची संख्या टिकून राहण्याइतकी वीण होत होती.

महाराष्ट्रातील खाद्य वनस्पती : भारतीय फुलपाखरांच्या खाद्य वनस्पतींविषयीच्या माहितीचा पाया पश्चिम किनाऱ्यावर घातला गेला. कारवार येथील वनाधिकारी टी. आर. बेल (१८६३–१९४८) यांनी उत्तर कानडा जिल्ह्यात असंख्य अळ्या वाढवून त्यांच्या नोंदी केल्या व त्या मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केल्या. एम. ए. विंटर-ब्लिथ यांचा भारतीय प्रदेशातील फुलपाखरांवरील ग्रंथ याच संस्थेने १९५७ मध्ये प्रकाशित केला. त्यानंतरच्या निरीक्षणांनी या माहितीत मोलाची भर पडली आहे.

लिंबाच्या कुलातील (रूटेसी) वनस्पतींवर पॅपिलिओ वंशातील मोठी फुलपाखरे वाढतात. लाइम (पॅ. डेमोलियस) व कॉमन मॉर्मन (पॅ. पॉलिटेस) यांच्या अळ्या लिंबू, बेल व कढीलिंब यांच्यावर सर्वत्र दिसतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व त्यामुळे भक्षकांच्या नजरेतून सुटते. ब्लू मॉर्मनच्या अळ्या माकडलिंबू, किरमिरा या रानझुडपांवर तसेच लिंबाच्या अन्य जातींवर पोसतात.

सापसन (ॲरिस्टोलोकिया इंडिका) ही वेल कॉमन रोझ, क्रिमझन रोझ व सदर्न बर्डविंग या फुलपाखरांची खाद्य वनस्पती आहे. वेलीतील विषारी द्रव्ये अळीच्या शरीरात साठत असल्याने पक्षी या फुलपाखरांना टाळतात. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या ‘रोझ’ फुलपाखरांसारख्या दिसतात व त्या साम्यामुळे स्वतः विषारी नसताही बचावतात. मूळ विषारी जाती परिसरात पुरेशा संख्येने असल्या, तरच पक्षी तो रंग टाळण्यास शिकतात. म्हणजे सापसन नाहीशी झाल्यास तिच्यावर न वाढणाऱ्या फुलपाखराचेही संरक्षण कमी होते. पूर्वोक्त ॲरिस्टोलोकिया एलेगन्स ही वेल भारतातील बागांतही शोभेसाठी लावतात. तिची फुले मोठी, पसरट, गडद तांबूस-जांभळ्या व पांढऱ्या नक्षीची असतात. सापसनची फुले लहान व फिकट हिरवट असतात. रोपे घेताना हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. सापसनमधील ॲरिस्टोलोकिक अम्ल मानवी मूत्रपिंडास घातक असल्याने तिचे कोणत्याही रूपात सेवन करू नये.

प्लेन टायगर (डॅनॉस क्रिसिपस) रुईवर वाढतो. मारुतीला जिच्या पानांची माळ वाहतात तीच ही वनस्पती. डॅनेड एगफ्लाय या जातीची मादी प्लेन टायगरसारखी दिसते. तिच्या अळ्या घोळ या भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतीवर पोसतात. कॉमन क्रो कण्हेर, अनंतमूळ, वड व उंबर यांवर, ब्लू टायगर हिरणदोडीवर, कॉमन एमिग्रंट बहाव्यावर, कॉमन पिअरो बोरीवर, कॉमन बॅरन आंब्यावर, कॉमन कॅस्टर एरंडावर, झेब्रा ब्लू चित्रकावर, कमांडर भूतकेस व कदंब यांवर, लेमन पॅन्झी कोरांटीवर आणि चॉकलेट पॅन्झी कारवीच्या वंशातील झुडपांवर वाढतात. आषाढी द्वादशीस उपवास सोडताना जिच्या फळांची भाजी करतात, ती वाघाटी कॉमन गल या पांढऱ्या फुलपाखराची, तर वायवर्णा हा वृक्ष ग्रेट ऑरेंज टिपची खाद्य वनस्पती आहे. कॉमन जेझेबेलच्या अळ्या आंब्यावरील बांडगुळावर समूहाने राहतात. बुश ब्राउन, इव्हिनिंग ब्राउन इ. तपकिरी फुलपाखरे गवतांवर वाढतात; त्यासाठी बागेचा एक कोपरा न कापलेल्या देशी गवताचा ठेवणे पुरेसे होते.

काही विदेशी वनस्पतींनाही स्थानिक फुलपाखरांनी स्वीकारले आहे. टेल्ड जे सीताफळावर व रेड पिअरो मादागास्करमधील पानफुटीवर वाढतो. स्थानिक खाद्य वनस्पतींशी त्यांचे जवळचे नाते असल्याने हे घडते. बागेत असलेली अशी व न पसरणारी झाडे काढून टाकण्याचे कारण नाही. मात्र त्यांना अपवाद समजावे, नियम नव्हे.

मकरंद देणाऱ्या वनस्पती : घाणेरीस पर्याय ठरणाऱ्या देशी वनस्पती पुष्कळ आहेत. दिंडा, भारंगी, बकोरा (इक्झोरा कॉक्सिनिया), धायटी, निर्गुडी, कुरडू व सहदेवी यांच्या फुलांवर फुलपाखरे मोठ्या संख्येने येतात. तुंब्याची फुले लहान निळ्या फुलपाखरांना सोयीची असतात. टायगर व क्रो गटांतील नर खुळखुळा व भुरुंडी यांच्या सुकलेल्या भागांतून काही अल्कलॉइडे मिळवितात. मादीस आकृष्ट करणारी गंधद्रव्ये त्यांपासून तयार होतात. दुहेरी पाकळ्यांच्या संकरित फुलांत पुंकेसरांचे रूपांतर पाकळ्यांत झालेले असून मकरंद अल्प किंवा अप्राप्य असतो. म्हणून एकेरी फुलांचे वाण निवडावेत.

उद्यानाची आखणी : फुलपाखरांचे स्नायू उन्हाने तापल्यावाचून ती नीट उडू शकत नाहीत, म्हणून दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळणारी व वाऱ्याचा मारा नसलेली जागा निवडतात. वाऱ्याच्या बाजूस झुडपांची रांग, मधोमध उघडी जागा आणि वेलींसाठी कुंपण किंवा मांडव अशी सर्वसाधारण रचना असते. एकेक रोप विखुरण्यापेक्षा एका जातीची तीन-चार रोपे एकत्र लावल्यास माद्यांना ती सापडणे सोपे जाते आणि अळ्यांना अन्न पुरते. ओल्या वाळूमातीचे उथळ पात्र ठेवल्यास नर फुलपाखरे क्षार घेण्यास त्यावर जमतात. महाराष्ट्रात लागवडीस जून-जुलै हा काळ उत्तम होय. पावसाळ्यात कोवळी पालवी मुबलक असल्याने अळ्यांची वाढ होते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात फुलपाखरे विपुल दिसतात. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने ती लहान मुलांच्या वावरापासून दूर लावावी.

कीटकनाशकांचा वापर पूर्णपणे टाळावा लागतो. निंबोळी अर्क किंवा अळ्यांवरील जीवाणुजन्य औषधे ‘निरुपद्रवी’ म्हणून विकली, तरी ती फुलपाखरांच्या अळ्यांनाही मारतात. रोपवाटिकेतील रोपांना आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेले असल्यास त्यांची पाने दीर्घकाळ विषारी राहतात. म्हणून बियांपासून वा माहितीच्या रोपांच्या छाटांपासून केलेली रोपे अधिक सुरक्षित असतात. लिंबाच्या लहान रोपावर लाइमच्या अळ्या अतोनात झाल्यास त्या हातांनी उचलून बेलावर वा कढीलिंबावर सोडाव्यात. अंडी व अळ्या यांपैकी बहुतेक परजीवी माश्या, मुंग्या, कोळी व पक्षी यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. हा निसर्गक्रम असून त्यात हस्तक्षेपाची गरज नसते. खाल्लेली, जाळी पडलेली पाने हे फुलपाखरू उद्यानाच्या दुर्लक्षाचे नव्हे, तर यशाचे लक्षण होय.

जुन्या बागेतील घाणेरी एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढणे हितावह असते. आरंभी एका भागातील झुडपे फळे धरण्यापूर्वी मुळांसह उपटून तेथे देशी झुडपे लावतात. ती फुलू लागल्यावर पुढील भाग हाती घेतात. त्यामुळे मकरंदाचा पुरवठा खंडित होत नाही व मोकळ्या जमिनीवर अन्य तण माजत नाही. रानमोडी, वेडेलिया, जलपर्णी आणि टेकड्यांवर पसरलेला पिवळा कॉसमॉस यांचेही बी किंवा तुकडे बागेबाहेर जाऊ न देण्याची दक्षता आवश्यक असते.

महत्त्व व मर्यादा : भारतात बंगळूरजवळील बन्नेरघट्टा येथे २००६ मध्ये, तर तमिळनाडूत श्रीरंगम येथे २०१५ मध्ये मोठी फुलपाखरू उद्याने खुली झाली. गोव्यात फोंडा तालुक्यातील प्रियोळ व महाराष्ट्रात ठाण्याजवळील ओवळा येथील खाजगी प्रयत्नांतून उभी राहिलेली उद्यानेही प्रसिद्ध आहेत. अशा उद्यानांचे शैक्षणिक मूल्य मोठे असले, तरी ती जंगलाची जागा घेऊ शकत नाहीत. दाट वनातील सावली व आर्द्रता यांवर अवलंबून असणाऱ्या जातींचे रक्षण वनांच्या रक्षणानेच होते. तथापि शहरे वाढत असता मोकळ्या जागा, पडीक कुंपणे व तणांचे पट्टे नाहीसे होत आहेत आणि पूर्वी सर्वत्र आढळणाऱ्या जातींनाही त्यांची झळ पोहोचते. अशा वेळी घराघरांतील देशी वनस्पतींच्या बागा दोन टेकड्यांमधील वा दोन वनक्षेत्रांमधील दुवे ठरतात. त्यासाठी विस्तीर्ण जागा लागत नाही : कुंडीतील एक कढीलिंब, कुंपणावरील एक सापसन आणि कोपऱ्यात राहू दिलेली एक रुई एवढ्यावरही फुलपाखरांच्या चार-पाच जातींची वीण होऊ शकते.